कुंडल रोड ते हडपसर : पाणी, हवा आणि तेल

हायड्रॉलिक आणि न्यूमॅटिक यंत्रांचा बाजार किती टक्क्यांनी वाढणार, याचे अहवाल दर वर्षी निघतात. कंपन्या ते हजारो डॉलर मोजून विकत घेतात. ते वाचायला मिळाले नाहीत तरी फारसं बिघडत नाही. गळीत हंगामात सांगलीहून माधवनगरकडे यावं आणि हायड्रॉलिक पाइप बनवून देणाऱ्या एखाद्या दुकानासमोर रात्री नऊनंतर थांबावं. ऊसतोडणी यंत्राचा पाइप फुटलेला असतो. ड्रायव्हर तेलाने माखलेला तुकडा पोत्यात गुंडाळून आणतो. दुकानदार टोकाची उसवलेली तार बघतो, ‘टू वायर नको, फोर वायर टाकू’ म्हणतो, मापाने नवा पाइप कापतो, तोंडात निपल ठोकतो आणि वर चढवलेली लोखंडी टोपी क्रिंपिंग मशीनच्या जबड्यात धरतो. बटण दाबलं की चहूबाजूंनी दाती एकदम आत सरकतात आणि टोपी रबरावर अशी आवळतात की दोन-अडीचशे किलोच्या दाबालाही ती सुटू नये. (आमच्याकडे दाब किलोतच सांगतात. चौरस सेंटिमीटरला इतके किलो, हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं असतं.) पाइप बनवणारं ते मशीनही हायड्रॉलिकवरच चालतं. ड्रायव्हर पैसे देऊन धावत सुटतो, कारण फडात यंत्र उभं आहे, ट्रॉल्या खोळंबल्यात आणि कारखान्याची गव्हाण कोणासाठी थांबत नाही.

हे गिऱ्हाईक नवं आहे. ज्या वाटेने ते इथवर आलं ती मात्र शंभर वर्षांहून जुनी. ती वाट ज्या संस्थेच्या दारातून जाते तिचा कारखाना सांगली-पुणे रेल्वेमार्गावर आहे. सांगली सोडून पुण्याकडे निघालं, नांद्रे आणि भिलवडी मागे पडली, की किर्लोस्करवाडी.

किर्लोस्करांवर मराठीत खूप लिहून झालं आहे, आणि त्यातलं बरंचसं भक्तिभावाने. ओसाड माळ, निवडुंग, साप आणि त्यावर उभी राहिलेली उद्योगनगरी, हे चित्र खरंच आहे. पण त्या चित्रात एक माणूस कायम गाळला जातो, तो म्हणजे गिऱ्हाईक. किर्लोस्करांनी जे जे करायला घेतलं, त्याला सुरुवातीला गिऱ्हाईकच नव्हतं. नांगराला नव्हतं, पंपाला नव्हतं, कॉम्प्रेसरलाही जेमतेमच होतं. बाजार वाढतो असं आपण सहज म्हणून जातो. इथे तो दर वेळी कोणीतरी हाताने वाढवला आहे, आणि त्या वाढवण्याचा हिशेब मला मालाच्या वर्णनापेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो.

लक्ष्मणराव काशीनाथ किर्लोस्करांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हायचं म्हणून ते मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये गेले आणि तिथे लक्षात आलं की काही रंग त्यांना नीट ओळखू येत नाहीत. मग यंत्रांची रेखाचित्रं काढायला शिकले, कारण त्याला रंग लागत नाहीत. व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. हक्काची बढती दुसऱ्याला गेली तेव्हा नोकरी सोडून बेळगावात परतले. थोरले बंधू रामुअण्णा यांच्यासह सायकलचा व्यवसाय आधीच सुरू झाला होता. किर्लोस्कर ब्रदर्स आपला आरंभ १८८८ पासून मोजतात तो त्यामुळे. पुढे कडबा कापायचं यंत्र आलं आणि १९०३ मध्ये लोखंडी नांगर.

नांगर तयार झाला पण कोणी घेईना. लोखंडाने जमीन नासते, विषारी होते, अशी शेतकऱ्यांची पक्की समजूत. पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली असं सांगतात. आजच्या भाषेत याला ‘बाजाराची तयारी नसणं’ म्हणतात आणि अशा वेळी सल्लागार धंदा बदलायला सांगतो. लक्ष्मणरावांनी धंदा बदलला नाही. नांगराचा फाळ सुधारला आणि वाट पाहिली.

त्यातच बेळगाव नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडायला सांगितली. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानात हवी ती जागा निवडा म्हटलं आणि दहा हजार रुपये बिनव्याजी दिले. जागा ठरली कुंडल रोड स्टेशनजवळची, बत्तीस एकरांचा माळ. १० मार्च १९१० रोजी किर्लोस्करवाडीचा आरंभ झाला आणि कालांतराने स्टेशनचंही नाव बदललं. जागा रेल्वेच्या रुळाला लागून निवडली हे मला फार सूचक वाटतं. नांगर बैलगाडीतून नेऊन विकायचे असते तर औंध जवळ होतं. पण लक्ष्मणरावांना डोळ्यांपुढे दिसत होतं ते मिरज-पुण्याच्या पलीकडचं गिऱ्हाईक.

वाडीची माणसंही नेहमीच्या भरतीतली नव्हती. शंभोराव जांभेकर इंजिनिअरिंगचं बघायचे, के. के. कुलकर्णी व्यवस्थापन सांभाळायचे, मंगेशराव रेगे हिशेब, रामुअण्णा सगळ्या वसाहतीची व्यवस्था. शिक्षा भोगून आलेले तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग हे रात्रीच्या पहाऱ्याला. पुढे १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड कंपनी झाली, आणि त्याच साली शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केलं, जे नंतर ‘किर्लोस्कर’ मासिक म्हणून घराघरांत गेलं. ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ त्यामागून आले. मासिकांच्या वाङ्मयीन कामगिरीबद्दल भरपूर बोललं जातं. धंद्याच्या अंगाने बघितलं तर ‘खबर’ हे आधी कारखान्याचं बातमीपत्र होतं. गिऱ्हाइकाला वाचायला शिकवायचं आणि वाचता वाचता यंत्राची ओळख करून द्यायची, हा सौदा त्यात होता, आणि तो दोन्ही बाजूंना परवडला.

पाणी या गोष्टीत आलं ते १९२६ मध्ये. किर्लोस्करवाडीत सेंट्रिफ्यूगल पंप तयार झाला आणि देशातला पहिला म्हणून त्याची नोंद केली जाते. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतल्या एमआयटीतून यांत्रिकीची पदवी घेऊन बाहेर पडले. त्यांच्याबरोबर शिकायला गेलेला चुलतभाऊ माधव तिकडेच क्षयाने गेला होता. शंतनुराव परतले ते थेट वाडीच्या शॉपमध्ये.

मोटेच्या जागी पंप, हे सांगायला सोपं. मोट बैलांवर चालते आणि बैल घरचे असतात. पंपाला इंजिन लागतं, इंजिनाला तेल, तेलाला रोख पैसा, आणि रोख पैशाला रोख पीक. पंपाचा बाजार वाढला तो ही साखळी जुळल्यावर. शंतनुरावांनी ती साखळी एकेका कारखान्याने बांधली. १९४१ मध्ये हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर, १९४६ मध्ये पुण्यात खडकीला किर्लोस्कर ऑईल इंजिन्स आणि त्याच साली बंगळुरूला किर्लोस्कर इलेक्ट्रिक. पंप वाडीचा, इंजिन खडकीचं, मोटर बंगळुरूची. शेतकऱ्याच्या तोंडी ‘पंपसेट’ हा शब्द बसला तो असा. साताऱ्यात धनजीशा कूपर यांनी १९२२ मध्ये काढलेल्या कारखान्यातही नांगर आणि पुढे डिझेल इंजिनं होत होती, तेव्हा हा सगळा बाजार एकट्या किर्लोस्करांनी केला असं म्हणणं कूपरवर अन्याय ठरेल. सातारा-सांगलीच्या पट्ट्यात शेतकऱ्याला लोखंडाची सवय लावायचं काम दोघांनी केलं.

वाटेत १९४८ आलं. गांधीजींच्या हत्येनंतरच्या जाळपोळीत किर्लोस्करवाडीच्या कारखान्यालाही आगी लागल्या. कारखाना पुन्हा उभा राहिला. त्या दिवसांबद्दल इथली जुनी माणसं अजून जपूनच बोलतात.

पंपाचा खरा खप वाढला तो कृष्णाकाठच्या सहकारी पाणीपुरवठा संस्थांमुळे, आणि याची नोंद उद्योगाच्या इतिहासात फारशी नसते. नदी खाली, रान वर. एकट्या शेतकऱ्याला दोन-तीन किलोमीटर पाइपलाइन परवडत नाही. मग शेतकऱ्यांनी संस्था काढल्या, बँकेने कर्ज दिलं आणि साखर कारखान्याने उसाच्या बिलातून हप्ते कापून घेतले. कर्ज बुडायची भीती कमी, म्हणून बँक पुढे आली. बँक पुढे आली म्हणून पंपाची ऑर्डर निघाली. वसंतदादा पाटलांनी सांगलीत उभारलेला साखर कारखाना माधवनगरच्या शेजारी धूर सोडू लागला, तेव्हा त्या धुरामागे कितीतरी गावांच्या नदीकाठावर पंप बसलेले होते. इथे कोणी बाजाराचा अंदाज बांधला नव्हता. कपातीचा खटका तेवढा योग्य जागी बसवला होता.

नंतर तीच कल्पना सरकारने कितीतरी पटींनी मोठी केली. ताकारी, म्हैसाळ, टेंभू या उपसा योजना. टेंभूत कऱ्हाड तालुक्यातून उचललेलं पाणी टप्प्याटप्प्याने चढवत आटपाडीसारख्या कोरड्या मुलखात नेलं जातं, म्हैसाळचं जतकडे. या योजनांनी डाळिंब आणि द्राक्षं जिथे नेली तिथे आधी कुसळं होती. विजेचं बिल कोणी भरायचं, हा वाद मात्र योजनेइतकाच टिकाऊ निघाला. थकबाकी झाली की पंप बंद, आंदोलन झालं की पंप चालू. पंप विकणाऱ्याच्या हिशेबात वीजबिल नसतं. उपसा योजनेच्या हिशेबात शेवटी तेवढंच उरतं.

वाडीच्या पंपांची मजल किती गेली, हे २०१८ च्या जुलैत दिसलं. थायलंडच्या थाम लुआंग गुहेत बारा मुलं आणि त्यांचा प्रशिक्षक अडकले होते, गुहा पाण्याने भरली होती. पाणी काढण्याच्या कामात सल्ला द्यायला किर्लोस्कर ब्रदर्सचे तज्ज्ञ तिकडे गेले, आणि किर्लोस्करवाडीत चार ऑटोप्राइम पंप विमानाने पाठवण्यासाठी तयार ठेवले होते. ती बातमी आली तेव्हा पलूस-कुंडलच्या चहाच्या टपऱ्यांवर थायलंडचा नकाशा पाठ झाला होता.

हवेची गोष्ट वेगळ्या गरजेतून निघाली. १९५० च्या दशकात देशभर धरणं, बोगदे, रस्ते यांची कामं निघाली. आमच्या बाजूला कोयना. डोंगराच्या पोटात वीजघर आणि त्याकडे जाणारे बोगदे. बेसॉल्ट फोडायचा तर आधी त्याला भोकं पाडायची, भोकांत दारू भरायची, उडवायची, राडा काढायचा आणि पुन्हा भोकं. ही भोकं पाडणारं जॅकहॅमर दाबलेल्या हवेवर चालतं. बोगद्यात इंजिन नेलं तर धुराने माणसं गुदमरतील. हवेचं तसं नाही, कॉम्प्रेसर बाहेर ठेवायचा आणि नळीतून दाब आत न्यायचा. काम करून सुटलेली हवा उलट माणसांच्या श्वासाला कामी येते. युरोपात आल्प्स पर्वताखालचा माँ सेनी बोगदा १८७१ मध्ये खुला झाला तो याच युक्तीवर. त्याने उदाहरण घालून दिलं आणि त्यानंतर जगभर खाणी आणि बोगदे यांनीच न्यूमॅटिक यंत्रांचा बाजार पोसला.

शंतनुरावांनी १९५८ मध्ये पुण्यात किर्लोस्कर न्यूमॅटिक कंपनी काढली. कारखाना हडपसरला. सुरुवात एअर कॉम्प्रेसरने. त्या वर्षी कोयनेचं काम चालू होतं, भिलाई, राउरकेला आणि दुर्गापूरची पोलादनगरं उभी राहत होती. पंपाच्या वेळी गिऱ्हाईक शेतकरी होता, त्याला पटवायला पिढी गेली. इथे गिऱ्हाईक ठेकेदार आणि सरकार. पटवावं लागत नव्हतं, पण संख्येने थोडं आणि पैसे उशिरा देणारं. धंद्याचा स्वभावच बदलला. वाडीची संस्था हडपसरला गेल्यावर शहराळली, असं मला वाटतं. त्यात टीका नाही. कॉम्प्रेसरच्या गिऱ्हाइकाला मासिक काढून शिकवावं लागत नाही.

तरीही कॉम्प्रेसर खेड्यात पोचला, वेगळ्या दाराने. जत, आटपाडी, माण, खटाव या भागांत विहीर खोल करायची म्हणजे ट्रॅक्टरवर बसवलेला कॉम्प्रेसर मागवायचा. विहिरीच्या काठावर ट्रॅक्टर धडधडतो, खाली तळाशी दोघे जण जॅकहॅमर मांडीशी धरून काळ्या दगडात भोकं पाडतात, वरून रबरी नळी लोंबते. तोंडावर फडकं बांधलेलं, तरी पापण्यांवर पांढरी भुकटी बसलेली. सुरुंग उडाला की यारीने दगड वर. न्यूमॅटिक हा शब्द त्यांनी कधी ऐकलेला नसतो. ‘हवा किती किलो धरली?’ एवढंच विचारतात. सात किलोला काम बरं चालतं. पुढे बोअरच्या गाड्या आल्या. त्यांत हवेने चालणारा हातोडाच भोकात खोल उतरतो आणि तीच हवा दगडाचा चुरा वर फेकते. दुष्काळी तालुक्यांत न्यूमॅटिकचा बाजार वाढला की भूजल खाली गेलं असं समजावं. वाढीचे सगळे आकडे आनंदाचे नसतात.

इथे तत्त्वाचं थोडं बोलायला हवं. द्रव दाबला तरी आक्रसत नाही. पास्कलने सांगितलं की बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो. एक चौरस सेंटिमीटरच्या दट्ट्यावर एक किलो भार दिला, तर शंभर चौरस सेंटिमीटरचा दट्ट्या शंभर किलो उचलतो. फुकट काही मिळत नाही, लहान दट्ट्या शंभर सेंटिमीटर खाली जावा तेव्हा मोठा एक सेंटिमीटर वर येतो. याच हिशेबावर जोसेफ ब्रामाने १७९५ मध्ये इंग्लंडमध्ये दाबयंत्राचं पेटंट घेतलं. हवा मात्र आक्रसते, तापते आणि सोडली की उसळते. म्हणून ताकद आणि अचूक थांबा हवा तिथे तेल, वेग आणि स्वच्छता हवी तिथे हवा. बिस्किटाचा पुडा ढकलायला हवा, जेसीबीचा हात उचलायला तेल.

दोन्ही एकाच जागी बघायची असतील तर साखर कारखान्याच्या मिलपाशी जावं. उसाचा रस काढणाऱ्या तीन रोलरांपैकी वरचा रोलर हायड्रॉलिकच्या दाबाने खाली धरलेला असतो, दोनशे किलोच्या आसपास. उसाचा जाड थर आला की रोलर काही मिलिमीटर वर उचलला जातो. त्या वेळी सरकलेलं तेल अॅक्युम्युलेटर नावाच्या नळकांड्यात जातं. आत रबरी फुगा असतो, फुग्यात नायट्रोजन. तेलाने फुगा दबतो, थर निघून गेला की फुगा तेलाला परत ढकलतो आणि रोलर पुन्हा दाबाने बसतो. दाब कमी पडला तर रस चिपाडात राहतो, जास्त झाला तर मिल आणि बेअरिंग यांचं आयुष्य घटतं. गाळपाचा उतारा ठरवण्यात रिकव्हरीच्या राजकारणाइतकाच या फुग्याचाही वाटा आहे, पण त्यावर सर्वसाधारण सभेत प्रश्न विचारला गेल्याचं ऐकिवात नाही.

किर्लोस्कर न्यूमॅटिकने तेलाकडेही हात घातला, रेल्वेच्या निमित्ताने. डिझेल इंजिनाची ताकद चाकांपर्यंत न्यायची तर मध्ये काहीतरी हवं. विजेऐवजी तेलाच्या प्रवाहाने ती नेता येते. मनमोहन सुरी या भारतीय अभियंत्याने अशा ट्रान्समिशनची रचना केली. पुढे दुर्गापूरच्या सीएमईआरआय संस्थेचे संचालक म्हणून ते गाजले, स्वराज ट्रॅक्टरची रचना तिथलीच. चित्तरंजनच्या कारखान्यात १९६८ पासून डब्ल्यूडीएस-४ वर्गाची शंटिंग इंजिनं बनू लागली, त्यांच्यासाठी सुरी ट्रान्समिशन हडपसरच्या कारखान्याने बनवलं. रचना भारतीय, निर्मिती भारतीय, गिऱ्हाईक भारतीय. त्या काळात हा योग दुर्मीळ होता. दुर्दैवाने रेल्वेने मोठ्या इंजिनांसाठी विजेचंच ट्रान्समिशन पसंत केलं आणि हायड्रॉलिकचा तो रस्ता यार्डापुरता राहिला.

नांगरापासून निघालेल्या या घराण्याने ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकमध्ये मात्र आपला ठसा उमटवला नाही, याचं मला नवल वाटतं. उत्तर आयर्लंडचा हॅरी फर्ग्युसन याने नांगर आणि ट्रॅक्टर हे एकच यंत्र मानलं, मागे तीन जोड दिले आणि नांगर तेलाच्या दाबाने उचलला. आज कवठेमहांकाळचा पोरगा बोटाने लिव्हर हलवून पलटी नांगर उचलतो, तो फर्ग्युसनचा. लोखंडी नांगराला गिऱ्हाईक मिळवून देणारे किर्लोस्कर तेव्हा पंप आणि इंजिनांत गुंतले होते. एका संस्थेने सगळं करावं अशी अपेक्षा नाही. पण हा धागा त्यांच्या हाताशी होता.

तेलाच्या हायड्रॉलिकने या मुलखात घर केलं ते बेळगावात. नगरपालिकेने ज्या शहरातून किर्लोस्करांना उठवलं, त्याच शहरात ऐंशीच्या दशकात सुरेश हुंदरे यांनी पॉलिहायड्रॉन नावारूपाला आणली. हायड्रॉलिक पंप आणि व्हॉल्व्ह बनवणारी ही कंपनी तिच्या मालाइतकीच तिच्या व्यवहारामुळे ओळखली गेली. लाच द्यायची नाही, कर चुकवायचा नाही आणि कामगारावर विश्वास टाकायचा, असं हुंदरे जाहीर व्याख्यानांतून सांगत फिरले. आमच्याकडचे कित्येक लहान कारखानदार ती व्याख्यानं ऐकून आले. त्यातल्या सगळ्यांनी ते आचरलं असेल असं म्हणण्याचं धाडस मी करणार नाही, पण ऐकणाऱ्यांच्या मनात कुठेतरी टोचणी राहिली. बेळगाव, कोल्हापूरच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्या आणि कुपवाडची लेथ-मिलिंगची शॉप मिळून हा पट्टा जोडकामाला तयार झाला. व्हॉल्व्हच्या अंगाचं ओतकाम इथलं, भोकं इथली, सील बाहेरून येणारं.

मोठी उसळी आली ती रस्ते आणि बांधकामांमुळे. जेसीबी १९७९ पासून भारतात आहे, पण गावोगाव दिसू लागलं ते दोन हजारनंतर. आता विहीर, शेततळं, पाइपलाइनची चर, घराचा पाया, सगळं त्याच्याकडे. निवडणुकीत विजयी उमेदवारावर गुलाल उधळायलाही जेसीबीच लागतं, आणि त्याचा बकेट जितका उंच तितका कार्यकर्ता मोठा. विनोद बाजूला ठेवला तरी एक खरं आहे, की प्रत्येक जेसीबीबरोबर गावात सील, पाइप, तेल आणि फिल्टर यांचं कायमचं गिऱ्हाईक येतं. यंत्र एकदा विकलं जातं, पाइप दर हंगामात. बाजाराच्या वाढीतला हा भाग पुण्या-मुंबईच्या ताळेबंदात दिसत नाही, तो तालुक्याच्या दुकानांत वाटला जातो. जगाच्या पातळीवर मात्र उलटा प्रवाह आहे, कंपन्या कमी होत चालल्यात. ईटनचा हायड्रॉलिक धंदा २०२१ मध्ये डॅनफॉसने घेतला. विजेची स्पर्धाही नवी नाही. लंडनमध्ये १८८३ पासून रस्त्याखालच्या नळांतून दाबाचं पाणी पुरवून लिफ्ट आणि क्रेन चालवणारी कंपनी होती, ती १९७७ मध्ये विजेपुढे बंद पडली. आजही लहान दाबाच्या कामांत इलेक्ट्रिक अॅक्च्युएटर हवेच्या सिलिंडरची जागा घेतोय, कारण गळणारी हवा म्हणजे गळणारी वीज. जड कामांत तेलाला अजून तोड नाही.

हडपसरच्या कंपनीने दरम्यान हवेवरून वायूवर मोर्चा वळवला. अमोनियाचे शीतकरण कॉम्प्रेसर ती कित्येक वर्षं बनवते. दूध, मासळी, आईस्क्रीम, शीतगृहं, सगळ्यांना ते लागतात. तासगाव-सांगलीचा बेदाणा वर्षभर भाव बघून विकता येतो तो शीतगृहामुळे, आणि शीतगृह म्हणजे शेवटी कॉम्प्रेसर. मग आला सीएनजी. पाइपलाइनमधून येणारा वायू अडीचशे किलोपर्यंत दाबायचा तेव्हा तो गाडीच्या टाकीत दोनशे किलोने भरता येतो. २०१८ नंतर शहरी वायुपुरवठ्याचे परवाने देशाच्या मोठ्या भागासाठी निघाले आणि या कॉम्प्रेसरला मागणी फुटली. त्या मागणीत किर्लोस्कर न्यूमॅटिक अग्रभागी राहिली. २०२१-२२ मध्ये कंपनीची उलाढाल हजार कोटींपलीकडे गेली. नव्या यंत्रांना तिने नावं दिली ती खिओनी, यारिलो, तेझकात्लिपोका अशी, ग्रीक, स्लाव्ह आणि मेक्सिकोच्या देवांची. मारुतीच्या बापाला इतकी नावं असताना कोणाला मेक्सिकोपर्यंत का जावंसं वाटलं, कळत नाही.

घर मात्र एक राहिलं नाही. किर्लोस्कर ब्रदर्स आणि किर्लोस्कर न्यूमॅटिक आज कुटुंबाच्या वेगवेगळ्या शाखांकडे आहेत आणि २००९ च्या कौटुंबिक करारावरून भावाभावांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. शंतनुराव १९९४ मध्ये गेले, त्यांना हे बघावं लागलं नाही.

आता या धंद्याची पुढची मागणी परत उसाकडून येताना दिसते. २०१८ च्या ऑक्टोबरात केंद्राने ‘सतत’ योजना आणली, आणि साखर कारखान्यांचा प्रेसमड कुजवून त्यातून वायू काढायचा, शुद्ध करायचा, दाबून सिलिंडरात भरायचा, हे प्रकल्प निघू लागले. यारिलो हा कॉम्प्रेसर याच कामासाठी आहे. दुसऱ्या कंपन्याही याच रांगेत उभ्या आहेत. सातारा-सांगलीत कारखान्यांची कमी नाही, प्रेसमडचीही नाही. कमी पडणार आहेत ते रात्री दोन वाजता अडीचशे किलोच्या लाइनवर व्हॉल्व्ह उघडून बघू शकणारे हात. वालचंद कॉलेजमधून आणि बुधगावच्या इंजिनिअरिंग कॉलेजमधून दर वर्षी मुलं बाहेर पडतात आणि बहुतेक पुण्याची गाडी धरतात. हायड्रॉलिकचं शिकणारा खरा विद्यार्थी दुकानात पाइप क्रिंप करणारा पोरगा आहे, आणि त्याच्याकडे प्रमाणपत्र नाही. वायूच्या दाबाची लाइन प्रमाणपत्राशिवाय त्याच्या हाती कोणी देणार नाही, देऊही नये. त्याला ते शिकवणारा वर्ग सांगलीत कोण काढतो, साखर कारखाना, कॉलेज की कॉम्प्रेसर विकणारी कंपनी, यावर पुढच्या दहा वर्षांत त्या यंत्रांच्या दुरुस्तीचा पैसा इथे राहतो की हडपसरला जातो ते ठरेल.